विंडोज, मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्या गटासाठी गिट सर्व्हर कसा उभारावा?

आठ जणांच्या गटात तिन्ही प्रकारची यंत्रे असताना गिटची (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची) रेपॉझिटरी, म्हणजे फाइली आणि त्यांचा इतिहास असलेला साठा, विंडोजच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवावी की स्वतंत्र सर्व्हर उभारावा, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते स्वतंत्र लिनक्स सर्व्हरच उभारावा. शेअर्ड फोल्डरमध्ये प्रत्येकाला रेपॉझिटरीच्या अंतर्गत फाइलींवर थेट लिहिण्याची परवानगी द्यावी लागते आणि एखाद्याने त्यातली फाइल चुकून पुसली तरी त्याला अडवणारे काही नसते. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या पद्धतीने, जोडल्यास लिहिण्याचे काम फक्त सर्व्हरवरचे गिट करते.

उभारणीला तासभर पुरतो. ‘गिट’ नावाचे खाते काढून त्याला ‘गिट-शेल’ (फक्त गिटच्या आज्ञा चालवू देणारे शेल) द्यावे, ‘इनिट’ आज्ञेला ‘बेअर’ हा पर्याय जोडून रेपॉझिटरी (कामाच्या फाइलींशिवाय, फक्त इतिहासाची) तयार करावी आणि प्रत्येकाची सार्वजनिक की (एसएसएचच्या किल्ल्यांच्या जोडीतली, इतरांना देता येणारी) ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलीत घालावी. विंडोजसाठीच्या गिटसोबत एसएसएच येतेच.

माझा खरा वेळ गेला तो फाइलींपायी. विंडोजवर ओळ सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड) या दोन न दिसणाऱ्या चिन्हांनी संपते, तर लिनक्स व मॅकवर केवळ एलएफने. एका सहकाऱ्याने विंडोजवर दुरुस्त केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालेना, आणि तिच्या पहिल्या ओळीअखेरचे न दिसणारे सीआर चिन्ह सापडेपर्यंत आमची अख्खी दुपार गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या यंत्रावरील ‘ऑटोसीआरएलएफ’ या, ओळीअखेरची चिन्हे आपोआप बदलणाऱ्या, सेटिंगवर विसंबत नाही. नियम रेपॉझिटरीतच, ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलीत लिहावा: सर्व फाइलींना ‘टेक्स्ट=ऑटो’ (मजकुराच्या फाइली गिटने स्वतः ओळखाव्यात), शेल स्क्रिप्टला ‘ईओएल=एलएफ’ (ईओएल म्हणजे ओळीचा शेवट), बॅच फाइलींना ‘ईओएल=सीआरएलएफ’ आणि चित्रांना ‘बायनरी’. रेपॉझिटरी जुनी असल्यास ‘अ‍ॅड’ आज्ञा ‘रीनॉर्मलाइझ’ पर्यायासह एकदा चालवावी, म्हणजे जुन्या फाइलींनाही हे नियम लागू होतात, आणि तो बदल वेगळ्या कमिटमध्ये (इतिहासातल्या स्वतंत्र नोंदीत) ठेवावा, नाहीतर कोणती ओळ कोणी बदलली हे पुढे शोधताना फार त्रास होतो.

नावांचीही काळजी घ्यावी. केवळ लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक असलेली दोन नावे लिनक्सवर शेजारी-शेजारी राहू शकतात, पण विंडोज आणि मॅकवर ती सहसा एकच मानली जातात. शिवाय ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘नल’ ही इंग्रजी नावे आणि नावातला कोलन विंडोजला चालत नाही. आपण मराठी नावे देत असाल तर आणखी एक बाब आहे. ‘कर्मचाऱ्यांची यादी’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ला नुक्ता जोडूनही लिहिता येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-प्रणाली तो दुसऱ्या रूपात साठवत असे, त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारे नाव गिटला वेगळे वाटे. मॅकवर ‘प्रीकंपोजयुनिकोड’ हे, अशी नावे एकाच चिन्हाच्या रूपात आणणारे, गिटचे सेटिंग चालू आहे ना, हे पाहून घ्यावे.

हुक म्हणजे ठरावीक वेळी गिट आपोआप चालवते ती स्क्रिप्ट. क्लोनसोबत (रेपॉझिटरीची प्रत घेताना) हुक जात नाहीत, म्हणून नावांची तपासणी सर्व्हरवरच्या ‘प्री-रिसीव्ह’ हुकमध्ये ठेवावी. अयोग्य नाव पुश करतानाच (बदल सर्व्हरवर पाठवतानाच) नाकारले जाते आणि विंडोजवर काम करणाऱ्याचे चेकआउट, म्हणजे फाइली आपल्या यंत्रावर उतरवण्याचे काम, अर्ध्यावर अडत नाही.