स्वर नसलेला शब्द ‘कूम’

प्रश्न : इंग्रजी स्क्रॅबल खेळताना प्रतिस्पर्ध्याने सी, डब्ल्यू आणि एम ही तीन अक्षरे ओळीने मांडली आणि हा शब्द असल्याचे सांगितले. एकही स्वर नसलेला असा शब्द खरोखर आहे का? असल्यास त्याचा अर्थ काय आणि त्याला गुण किती?

उत्तर : शब्द पूर्णपणे ग्राह्य आहे. तो वेल्श भाषेतून इंग्रजीत आला असून त्याचा उच्चार ‘कूम’ असा होतो. वेल्शमध्ये डब्ल्यू हे अक्षर स्वराचेही काम करते आणि तेथे त्याचा उच्चार ‘ऊ’ होतो. त्यामुळे या शब्दात स्वर नाही, असे केवळ इंग्रजीच्या हिशेबाने म्हणता येते. मूळ अर्थ दरी. भूगोलात मात्र तो हिमगव्हरासाठी, म्हणजे हिमनदीने डोंगरात कोरून काढलेल्या आणि तीन बाजूंनी उभे कडे असलेल्या खोलगट भागासाठी वापरतात. एव्हरेस्टच्या नेपाळकडील वाटेवर, खुंबू हिमप्रपाताच्या वर, एव्हरेस्ट, ल्होत्से आणि नुप्त्से या शिखरांनी वेढलेले ‘वेस्टर्न कूम’ आहे. १९२१ च्या पाहणी मोहिमेत ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांनी त्याला हे नाव दिले. गिर्यारोहणाची वर्णने आवडीने वाचणाऱ्यांना हा शब्द म्हणूनच अनोळखी वाटत नाही.

सीचे ३, डब्ल्यूचे ४ आणि एमचे ३ मिळून १० गुण होतात. दुप्पट शब्दाच्या घरावर २०, तिप्पट शब्दाच्या घरावर ३०, आणि फक्त डब्ल्यू तिप्पट अक्षराच्या घरात पडल्यास १८. तीन अक्षरांना हे गुण चांगलेच आहेत, पण माझ्या मते शब्दाची खरी किंमत वेगळी आहे. शंभर सोंगट्यांपैकी ४२ स्वरांच्या असतात. तरीही कधी कधी हाती केवळ व्यंजनेच येतात, आणि सोंगट्या बदलून घ्याव्यात तर एक पाळी शून्य गुणांवर जाते. अशा वेळी हा शब्द दोन जड व्यंजने आणि एक अवघड डब्ल्यू एकदम खपवतो, शिवाय पाळीही वाचवतो.

मांडताना मात्र एक अडचण जाणवते. दुसऱ्या शब्दाला समांतर मांडायचे तर शेजारच्या अक्षरांशी जुळून दोन अक्षरी शब्द तयार व्हावे लागतात, आणि सी असलेला दोन अक्षरी शब्द उत्तर अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ग्राह्य शब्दांच्या यादीत एकही नाही. इतर बहुतेक देशांत चालणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत केवळ ‘सीएच’ आहे. त्यामुळे सी मोकळ्या जागेत ठेवून एम किंवा डब्ल्यू शेजारच्या अक्षराशी जोडणे सोपे पडते. एमचे दोन अक्षरी शब्द भरपूर आहेत. अनेकवचनाचा एस शेवटी लावता येतो, पण सुरुवातीला, सीच्या आधी, कोणतेही अक्षर लागत नाही, म्हणून प्रतिस्पर्ध्याला त्यावर विस्तार करायला फारशी संधी उरत नाही. एस हाती असेल तर तो केवळ एका जास्तीच्या गुणासाठी येथे खर्च करू नये. तो एखाद्या मोठ्या शब्दासाठी राखावा.

याच जातीचा आणखी एक शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे : सी, आर, डब्ल्यू, टी, एच. उच्चार ‘क्रूथ’, अर्थ गजाने वाजवायचे जुने वेल्श तंतुवाद्य, गुण १३.