नवऱ्याचं कर्ज थकलं तर बायकोच्या मालमत्तेवर टाच येते का?

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. नवऱ्याचं धंद्याचं कर्ज थकलंय, तर बँक तुमच्या दागिन्यांवर आणि माहेरच्या पैशातून घेतलेल्या फ्लॅटवर येईल का. लग्न झालं म्हणून त्यांच्या मिळकतीत तुमचा अर्धा वाटा ठरतो का. आणि दीर म्हणतात तसा दुकानाचा गाळा आत्ताच बक्षीसपत्राने तुमच्या नावावर करून घ्यावा का. माझी नोकरी बँकेच्या वसुली विभागात झाली, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. तिथून जे दिसलं ते सांगते.

बायको आहे एवढ्या कारणावरून नवऱ्याचं कर्ज तुमच्या अंगावर येत नाही. कायद्याच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं आहात. तुमच्याकडे मागता येतं ते तुम्ही सही केली असेल तरच. आणि गोम इथेच आहे, कारण बहुतेक वेळा सही केलेली असते. मंजुरीच्या दिवशी अधिकारी कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो आणि 'वहिनी, इथे, इथे आणि मागच्या पानावर' म्हणतो. नवरा शेजारीच उभा असतो, मागे रांग असते. वाचत कोण बसतं? त्या गठ्ठ्यात एक हमीपत्र असतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी नवऱ्याकडून वसूल करून बघा, नाही जमलं तर माझ्याकडे या, असं बँकेला सांगता येत नाही. ती सरळ तुमच्यावर दावा लावू शकते. सहकर्जदार म्हणून नाव असेल तर मग बोलायलाच नको. सही नुसती साक्षीदाराची असेल तर मात्र निर्धास्त राहा.

फ्लॅट तुमच्या नावावर आहे आणि तारण दिलेला नाही, हमीपत्रही नाही, तर बँक त्याला हात लावू शकत नाही. तारण दिला असेल तर बँकांच्या थकीत कर्जवसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याखाली (२००२) ६० दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावताही बँक ताब्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणून खरेदीखतापेक्षा आधी गहाणखत शोधा.

दागिन्यांचं म्हणाल तर स्त्रीधन पूर्णपणे तुमचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलं: सासरच्यांकडे दिलं तरी ते विश्वासाने ठेवायला दिलेलं असतं, त्याने मालकी बदलत नाही. खरेदीच्या पावत्या, लग्नातले फोटो, लॉकर कोणाच्या नावावर आहे, हे सगळं जपा. वाद झाला की तेच कामाला येतं. दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लागून कोर्टाचा बेलिफ दारात आला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी आहे. कर्जदाराचे आणि त्याच्या बायकामुलांचे अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. मंगळसूत्र त्यातच येतं. १९०८ चा कायदा, पण भांड्यांपर्यंत विचार केलाय. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येत असतील, किंवा सासू-सासऱ्यांना त्रास देत असतील, तर रिझर्व्ह बँकेचे नियम मोडले जातायत. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा.

अर्ध्या वाट्याचं उत्तर थोडक्यात: नाही. परदेशी मालिका बघून हा समज पसरलाय. नवरा हयात असताना त्याच्या मिळकतीत बायकोचा आपोआप वाटा आपल्याकडे निघत नाही. घटस्फोटात पोटगी मिळते, निम्मी वाटणी नाही. घटस्फोटात बायकोला वाटा देणारं एक विधेयक २०१० मध्ये मांडलं होतं, राज्यसभेत मंजूरही झालं, पण पुढे बारगळलं. अपवाद गोव्याचा. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मिळकत सामाईक धरली जाते. राहत्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तुम्हाला आहे, पण तो राहण्याचा, मालकीचा नव्हे. नवऱ्याच्या पश्चात, मृत्युपत्र नसेल तर, हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे वाटे मिळतात. सासूबाईंचाही वाटा असतो हे ऐकून बरेच जण दचकतात. मागे कर्ज राहिलं तर वारस म्हणून जेवढी मिळकत हातात आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. तुमच्या स्वतःच्या कमाईतून ते फेडावं लागत नाही.

आता गाळा. दिरांचा सल्ला ऐकू नका. कर्ज थकल्यावर बायकोच्या नावाने केलेलं बक्षीसपत्र हे आमच्या खात्यात सगळ्यात आधी शोधलं जायचं. धनकोंना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द ठरवून घेता येतं, आणि फुकट दिलेल्या मिळकतीला तर 'मी प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतली' हा बचावही उरत नाही. शिवाय गाळा बँकेकडे गहाण असेल तर तो तुमच्या नावावर गेला तरी बोजा त्याच्याबरोबरच येतो. आज निदान या भानगडीत तुमचं नाव नसेल. उद्या प्रतिवादी क्रमांक २ व्हाल.

धडपड करायचीच असेल तर विम्याकडे बघा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्यातलं कलम ६ सांगतं की नवऱ्याने बायको-मुलांसाठी म्हणून काढलेली आयुर्विमा पॉलिसी हा विश्वस्त निधी होतो आणि नवऱ्याच्या धनकोंना त्या रकमेवर हक्क सांगता येत नाही. हे पॉलिसी काढतानाच नोंदवावं लागतं, जुनीवर नंतर चढवता येत नाही. आणि धनकोंना बुडवण्यासाठीच काढली असं सिद्ध झालं तर पॉलिसीच्या रकमेतून ते आपलं येणं मागू शकतात, तेव्हा यातही थोडं जपूनच.

वकिलाकडे जाण्याआधी एक काम घरबसल्या करा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. नवऱ्याचा नाही, स्वतःचा काढा. त्यात नवऱ्याचं धंद्याचं खातं दिसलं आणि पुढे 'गॅरंटर' किंवा 'जॉइंट' लिहिलेलं असलं, तर बँकेकडे सही केलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा, पोच घ्या, आणि त्या घेऊनच वकिलाकडे जा. खातं दिसलं नाही तरी तो अर्ज कराच, कारण सगळ्या सह्या अहवालात उतरतातच असं नाही.