विहिरीत, हौदात दोऱ्यासारखा किडा दिसतोय : काय करायचं, काय अजिबात नाही

पाऊस लागला की हा प्रश्न येतोच. हौदात, विहिरीत काळा-तपकिरी, शिवायच्या दोऱ्याएवढा, हातभर लांब किडा वळवळतो, लेकरानं पाण्याबरोबर गिळला तर काय, जनावराला काय, आणि दुकानदार म्हणतोय दाणेदार कीटकनाशक टाका, टाकू का?

टाकू नका. पिण्याच्या पाण्यात कीटकनाशक टाकायचं नाही, थोडंसुद्धा नाही. फोरेट या दाणेदार औषधावर तर 31 डिसेंबर 2020 पासून बंदीच आहे, कोणी मागच्या दारानं देत असेल तर घेऊ नका. किडा कुणाला मारणार नाही, ते औषध मारेल.

हा हॉर्सहेअर वर्म. लहानपणी रातकिडे, नाकतोडे, झुरळं यांच्या पोटात वाढतो, मोठा झाला की त्या किड्याला पाण्याकडं ओढतो आणि बाहेर पडतो. हौदाच्या कडेला नीट बघा, मेलेला रातकिडा तरंगताना सापडेल, कधी मागून अर्धा किडा लोंबतानाही दिसतो. मोठा झाल्यावर हा काही खातच नाही, माणसात, गुरात, पिकात वाढत नाही. चुकून गिळला तर उलटीतून नाहीतर शौचातून निघून जातो, फार तर पोटात थोडं दुखेल. संडासच्या भांड्यात दिसला म्हणून लेकराच्या पोटातून पडला असं लगेच धरू नका, बऱ्याचदा रातकिडाच भांड्यात पडलेला असतो. शंका असेल तर किडा पाण्यासकट बाटलीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. जंताच्या गोळ्या स्वतःच्या मनानं डबल-डबल देऊ नका, आणि गाभण गाईला सुरुवातीच्या महिन्यात अल्बेंडाझोल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच, गर्भाला धोका असतो.

म्हातारी माणसं "नारू आला" म्हणून घाबरतात. त्यांची भीती खरी आहे, नारू त्यांनी भोगलाय. पण नारू पांढरा असायचा, पायाच्या फोडातून निघायचा, देशातला शेवटचा रुग्ण 1996 ला राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हा तो नाही.

टीसीएलनं, म्हणजे ब्लीचिंग पावडरनं, किडा मरत नाही, ती जंतूंसाठी आहे. 1000 लिटरला चांगल्या पावडरचं 2.5 ग्रॅम, रात्री टाकायचं, सकाळी पाणी वापरायचं. किडा दिसला म्हणून घमेलंभर ओतू नका. आणि बांधावर नाकतोडे दिसले म्हणून उगाच फवारणीही नको, हा किडा फुकटात तेच काम करतोय. दुकानदाराला बिल करायचंय, तुमच्या हौदाचं त्याला काय.

माझं ऐकाल तर एवढं कराच : किडा काठीनं काढून टाका, विहिरीला कठडा आणि वर बारीक जाळी, हौदाला झाकण, हौदाजवळचा रात्रीचा दिवा बंद कारण रातकिडे उजेडाला येतात, पिण्याचं पाणी दुहेरी सुती फडक्यातून गाळून घ्या आणि फडकं रोज धुवून उन्हात वाळवा. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना जुन्या विहिरीच्या दुरुस्तीला अनुदान आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा.