पुरुषांची सोनोग्राफी: नव्या सेंटरवरच्या डॉक्टरला पत्र

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तालुक्याच्या गावी स्वतःचं सेंटर सुरू केलंस, मशीनची नोंदणी झाली, दारावर गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी लागली, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलं आहेस की जवळच्या कारखान्याला कामगारांसाठी ‘पुरुष आरोग्य पॅकेज’ हवंय, त्यात अंडकोष आणि प्रोस्टेटची सोनोग्राफी सरसकट सगळ्यांची करायची आहे, तर हे काम घ्यावं का?

घेऊ नकोस. नव्या मशीनचा हप्ता असतो हे मला ठाऊक आहे, तरी घेऊ नकोस. काहीही तक्रार नसलेल्या तिशीतल्या माणसाच्या अंडकोषावर प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) ठेवला की काही ना काही दिसतंच. एपिडिडिमिसमधली (अंडामागच्या वेटोळ्या नळीतली) बारीक सिस्ट, थोडं पाणी, जरा फुगलेल्या शिरा, मायक्रोलिथियासिसचे पांढरे ठिपके. यातलं बहुतेक निरुपद्रवी. पण कागदावर छापून आलं की तो माणूस तो कागद घेऊन चार दवाखाने हिंडतो, त्याची झोप उडते आणि कुणीतरी त्याचं नको ते ऑपरेशन करतं. अंडाचा कॅन्सर आपल्याकडे मुळात फार कमी. अमेरिकेत त्याचं प्रमाण आपल्या कितीतरी पट, तरीही तिथल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ समितीने 2011 साली लक्षणं नसलेल्या पुरुषांत त्याचं स्क्रीनिंग करू नये असंच सांगितलं. प्रोस्टेटचं म्हणशील तर पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आकार कळतो, कॅन्सर आहे की नाही ते कळत नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ या भरवशावर कुणी पुढची तपासणी टाळली तर त्याचं नुकसान आपण केलं.

तुझं मशीन उपयोगाचं आहे ते तक्रार असलेल्यासाठी. आणि आपल्याकडचा पुरुष तक्रार घेऊन फार उशिरा येतो, खरी लढाई तिथे आहे.

टॉर्शनचंच, म्हणजे अंडाला पीळ पडण्याचंच घे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, उलटी करतो. आई ओवा देते. खाली दुखतंय हे तो आईला सांगत नाही, वडिलांनाही नाही. सकाळी गॅसची गोळी मिळते, दुपारी कुणीतरी सोनोग्राफीची चिठ्ठी देतं, त्यावर लिहिलेलं असतं ‘पोटदुखी’. पीळ पडलेलं अंड सहा तासांच्या आत सोडवलं तर बहुतेक वेळा वाचतं. बारा तासांनंतर शक्यता झपाट्याने घसरते आणि दिवस उलटला की क्वचितच काही हाती लागतं. म्हणून प्रत्येक बॅचला सांगत आले तेच तुला सांगते: पोट दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाची चड्डी खाली करून बघायची. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो.

प्रोब आधी चांगल्या बाजूवर ठेव. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरची पीआरएफ आणि वॉल फिल्टर ही दोन सेटिंग खाली आण, म्हणजे मंद प्रवाहही दिसेल, त्या अंडातलं रक्त नीट दिसेपर्यंत सेटिंग जुळव, आणि मग काहीही न बदलता दुखऱ्या बाजूला जा. दोन्ही अंडं एकाच आडव्या चित्रात घे, फरक तिथे लगेच कळतो. पण तेवढ्यावर थांबू नकोस. प्रोब हळूहळू वर जांघेकडे सरकव आणि शुक्ररज्जू, म्हणजे अंडाला रक्त पुरवणारी दोरी बघ. पीळ जिथे पडलाय तिथे वेटोळं दिसतं आणि प्रोब वरखाली केला की ते फिरल्यासारखं वाटतं. अंडात थोडं रक्त खेळतंय एवढ्यावरून ‘टॉर्शन नाही’ असं कधीही लिहू नकोस. पीळ अर्धवट असतो, सुटून पुन्हा पडतो. चौदा वर्षांच्या मुलात ‘इन्फेक्शन आहे’ असं लिहायला हात कचरला पाहिजे. शंका आली की रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता सर्जनला फोन. तालुक्याला सर्जन नसेल तर 108 बोलावून थेट जिल्ह्याला. लक्षणं अगदी स्पष्ट असतील आणि तुझं टेबल रिकामं नसेल तर सर्जनने सोनोग्राफीसाठी थांबूच नये, हेही गावातल्या डॉक्टरांना स्वतः भेटून सांग.

मुलग्यांचं झालं. मोठ्या माणसांची अडचण तुझ्या बाहेरच्या बाकड्यापासून सुरू होते. सोनोग्राफी सेंटर म्हणजे गरोदर बायकांची जागा असंच सगळ्यांच्या डोक्यात आहे. त्या रांगेत बसून ‘नाव काय, कसली सोनोग्राफी?’ हे मोठ्याने विचारलं गेलं की तो माणूस पाणी पिऊन येतो म्हणून जातो तो परत येत नाही. संध्याकाळी एक वेळ फक्त पुरुषांसाठी ठेव. काउंटरवरच्या पोराला तपासणीचं नाव न उच्चारता चिठ्ठी घ्यायला शिकव. खोलीत एक पुरुष मदतनीस हवाच. तू बाई आहेस म्हणून तो अवघडेल. तू अवघडली नाहीस की तोही सैलावतो. एक टॉवेल घडी करून अंडकोषाखाली आधाराला दे आणि दुसरा त्याच्याच हातात देऊन लिंग पोटावर घेऊन झाकून धरायला सांग. जेल कोमट कर. गार जेलने कातडी आक्रसते, अंड वर ओढलं जातं आणि तुला धड काही दिसत नाही. ‘जांघेत दुखतंय’ म्हणाला तर तेवढ्यावर पुढे जाऊ नकोस. ‘नक्की कुठे, बोट ठेवून दाखवा’ म्हण. गाठ त्याच्या बोटाला आधी सापडलेली असते.

गाठ अंडाच्या आत आहे की बाहेर, हा तुझा पहिला प्रश्न. बाहेरच्या बहुतेक गाठी साध्या. आत भरीव गाठ असेल, विशेषतः विशीतल्या-तिशीतल्या माणसात, तर ती कॅन्सरची समजूनच पुढे जायचं. अंडकोषातून सुई घालू नये, ऑपरेशन जांघेतून होतं, हे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरला फोनवर सांग, कारण सुई घालून पाहणारे अजून भेटतात. आणि पेशंटला सांग की हा बरा होणारा कॅन्सर आहे, पसरल्यावरसुद्धा बहुतेक वेळा. मूल हवं असेल तर उपचाराआधी वीर्य साठवून ठेवता येतं, ही गोष्ट त्याला कुणी सांगेल याची खात्री नसते. तू सांग.

मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांबद्दल मला फार वाटतं. बायकोच्या सगळ्या तपासण्या होतात, तिची लॅप्रोस्कोपी होते, आणि नवरा चार वर्षांनी येतो, तोही आईला न सांगता. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. पण त्याची पहिली तपासणी सीमेनची, म्हणजे वीर्याची, सोनोग्राफी नंतर. व्हेरिकोसील, म्हणजे अंडावरच्या फुगलेल्या शिरा बघताना त्याला उभं कर, कुंथायला लाव. 3 मिलिमीटरच्या वर शीर आणि कुंथल्यावर उलटा प्रवाह, दोन्ही असेल तरच नाव घे. व्हेरिकोसील शंभरातल्या पंधरा पुरुषांना असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलंबाळं होतात. हाताला न लागणारं, फक्त तुझ्या मशीनवर दिसणारं व्हेरिकोसील ऑपरेट करू नये असं तज्ज्ञ संघटनांचं मत आहे, तेव्हा ‘हाताला लागत नाही’ हे शब्द रिपोर्टमध्ये आलेच पाहिजेत. फक्त उजव्या बाजूला असेल, किंवा चाळिशीनंतर अचानक आलं आणि झोपल्यावरही ओसरत नसेल, तर प्रोब बदलून किडनी बघ.

तुझं गाव विदर्भातलं, म्हणून दोन रोग कायम लक्षात असू देत. हायड्रोसीलमागे (अंडाभोवती पाणी साठण्यामागे) हत्तीरोग असू शकतो; फुगलेल्या लसीकावाहिन्यांत जिवंत कृमी वळवळताना दिसतात, स्थिर चित्रात ते कळत नाही, थोडा वेळ प्रोब धरून ठेवावा लागतो. आणि अँटिबायोटिकला दाद न देणारी, एपिडिडिमिसच्या शेपटाकडची जाडसर सूज म्हणजे टीबीचा विचार कर.

म्हाताऱ्या माणसांची तक्रार लघवीची. प्रोस्टेटची तिन्ही मापं एकमेकांशी आणि 0.52 ने गुणून आकारमान सगळेच लिहितात, पण 40 मिलिलिटरवाला धार नीट सोडतो आणि 28 वाल्याची तुंबते. त्यापेक्षा प्रोस्टेट मूत्राशयात किती वर शिरलंय, भिंत जाड आहे का, किडन्या फुगल्यात का ते लिही. उरलेली लघवी मोजताना एक चूक सगळीकडे होते. ‘पाणी प्या, पाणी प्या’ म्हणून माणसाला तट्ट फुगवतात, मग तो बिचारा एकदम सगळी सोडू शकत नाही आणि रिपोर्टवर 150 मिलिलिटर येतं. जरा लागल्यासारखं झालं की घे, लघवी करून आल्या आल्या मोज आणि आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा पाठवून परत मोज. तो आजोबा विडी ओढणारा असेल तर जाता जाता प्रोब बेंबीच्या वर नेऊन महाधमनी फुगली आहे का बघ. पुरुषांसाठी सोनोग्राफीचं खरोखर सिद्ध झालेलं स्क्रीनिंग तेच आहे. इंग्लंडमध्ये 65 व्या वर्षी प्रत्येक पुरुषाला त्यासाठी बोलावतात. महाधमनी 3 सेंटीमीटरच्या वर रुंद असेल तर नोंद कर आणि पुढे पाठव.

अडलेल्या केसची क्लिप मला पाठवत जा, पेशंटचं नाव झाकून. रात्री पाठवलीस तरी बघेन. फक्त टॉर्शनची शंका असेल तेव्हा माझ्या उत्तरासाठी थांबू नकोस, आधी सर्जनला फोन लाव.

तुझी,
मॅडम