बाहीआडचे गोंदण

“अंगावर गोंदलेले असेल, तर परदेशात शिक्षकाची नोकरी मिळत नाही का?” हा प्रश्न गेल्या चार-पाच वर्षांत माझ्याकडे वरचेवर येऊ लागला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या परिसरात मी महिन्यातून दोन शनिवार समुपदेशनासाठी बसते. पूर्वी इथे नापास होण्याची भीती आणि लग्नाचे ताण घेऊन मुले-मुली येत असत, आता बी.एड. झालेल्या मुली मोबाईलमध्ये आखाती देशांतल्या शाळांच्या जाहिराती घेऊन येतात. त्यांपैकी एका शिक्षिकेची हकीकत तिच्या संमतीने, पण तिची ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे सांगते आहे.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मे महिना होता, पारा ४५ अंशांना टेकलेला होता, आणि तरीही तिने मनगटापर्यंत बाह्या असलेला जाड कुर्ता घातला होता. डाव्या मनगटावर घड्याळ होते, त्याचा पट्टा पुरुषी आणि रुंद होता, आणि बोलताना ती तो पट्टा सारखा खाली ओढत होती. वय सव्वीस, शिक्षण बी.एस्सी. आणि बी.एड.; तालुक्याच्या एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत ती सहावी ते आठवीला विज्ञान शिकवत होती, आणि तिथला पगार घरच्या कापसाच्या वेचणीची मजुरी भागवायलाही पुरत नव्हता. संयुक्त अरब अमिरातीतील भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेने तिला व्हिडिओवरून मुलाखतीसाठी बोलावले होते. मुलाखतीला तीन आठवडे उरले होते, आणि तेवढ्या वेळात लेझरने गोंदण काढून मिळेल का, एवढेच तिला विचारायचे होते.

बाही वर करून तिने दोन खुणा दाखवल्या. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला पाच टिंबे आणि तुळशीचे लहानसे झाड होते. ती आठ वर्षांची असताना आजीने यात्रेत गोंदणारणीपुढे बसवून ते गोंदून घेतले होते. दिव्याची काजळी, तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, आणि रडू नये म्हणून तोंडात गुळाचा खडा. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि त्याला चिकटून बदाम होता. तो एकोणिसाव्या वर्षी यात्रेतल्याच मशीनवाल्याकडून काढलेला होता. ते अक्षर ज्याचे होते, त्याचे आता दुसरीकडे लग्न झाले आहे.

यातले नेमके काय काढायचे आहे, असे मी विचारले, तेव्हा ती “दोन्ही” असे चटकन म्हणाली आणि मग थोडा वेळ गप्प राहिली. हळूहळू बोलताना लक्षात आले की तिला लाज वाटत होती ती तुळशीच्या झाडाची, अक्षराची नव्हे. बी.एड.ला असताना एका सहाध्यायिनीने त्या टिंबांवरून तिला “गावठी” म्हटले होते, आणि तेव्हापासूनच लांब बाह्या सुरू झाल्या होत्या. मशीनचा टॅटू मात्र शहरातल्या मुलीही काढतात, म्हणून तो तिला त्या मानाने निर्धोक वाटत होता. अशा वेळी गोंदण हा आपला वारसा आहे, त्याची लाज कसली, असे चार शब्द सांगण्याचा मोह समुपदेशकाला होतो, तसा मलाही झाला. पण ती वारशाची चर्चा करायला आली नव्हती आणि मुलाखत घेणाऱ्या मुख्याध्यापकांनाही त्या वारशाशी काही देणेघेणे असणार नव्हते. त्यांच्या दृष्टीने दोन्ही टॅटूच होते.

तिच्या भीतीचे मूळ मात्र वेगळ्याच ठिकाणी निघाले. तिच्या मावसभावाला सैन्यभरतीत मानेवरच्या विंचवामुळे मैदानातून परत पाठवले होते. सैन्याचा नियम खरोखरच कडक आहे: कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला गोंदलेले चालते, बाकी ठिकाणी चालत नाही, आदिवासी जमातींच्या रूढीतल्या गोंदणाला तेवढी सूट आहे. आमच्या भागात भरतीची तयारी करणारी मुले घरोघरी असल्यामुळे हा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि तोच नियम बँकेला, शाळेला, विमानतळाला आणि व्हिसालाही लावून लोक मोकळे होतात. त्यात भर म्हणून एका एजंटाने तिच्याकडे “टॅटू क्लिअरन्स”चे पंधरा हजार रुपये मागितले होते. असा कुठलाही दाखला अस्तित्वात नाही, हे तिला सांगितले तेव्हा तिचा चेहरा पडला. कारण पाच हजार तिने आधीच दिले होते.

म्हणून आम्ही कागद घेतला आणि प्रश्नाचे तुकडे केले. अमिरातीच्या निवासी व्हिसासाठी जी वैद्यकीय तपासणी होते, तिच्यात छातीचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी असते. क्षयरोग आणि एचआयव्ही आहे का, हे पाहिले जाते, कातडीवर चित्र आहे का, हे नव्हे. गोंदणाचा या तपासणीशी संबंध येतो तो सुईमुळे. यात्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदले जाते, आणि त्यातून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी होऊ शकतो. तिला याची कोणीच कल्पना दिली नव्हती. सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गुप्तपणे होते. मी तिला आधी तिथे पाठवले, आणि हिपॅटायटिसच्या चाचण्याही करून घ्यायला सांगितल्या. अहवाल येईपर्यंतचे दिवस तिने कसे काढले, ते तिलाच माहीत. सगळे अहवाल निर्दोष आले.

दुसरा तुकडा शाळेच्या रीतिरिवाजाचा होता, आणि खरी अडचण असलीच तर ती इथेच असते. इस्लाममध्ये बहुसंख्य धर्मपंडित कायमचे गोंदणे निषिद्ध मानतात, त्यामुळे आखातातल्या शाळांत शिक्षकाने ते झाकून ठेवावे, अशी अपेक्षा असते. जपानमध्ये गोंदण म्हटले की लोकांना याकुझा या गुन्हेगारी टोळ्या आठवतात आणि गरम पाण्याच्या कित्येक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्या माणसाला प्रवेश मिळत नाही. तिथेही शिक्षक बाही खाली ठेवूनच वर्गात जातो. इंग्लंडमध्ये पोशाखाचे नियम शाळा आपापले ठरवतात. तिथे फेब्रुवारी २०२३ पासून भारतात पात्र ठरलेल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना क्यूटीएस या शिक्षक-पात्रतेसाठी अर्ज करता येतो, हे तिला ठाऊक नव्हते. ते तिने वहीत लिहून घेतले. न्यूझीलंडमध्ये तर २०२० साली परराष्ट्रमंत्री झालेल्या ननाया महुता यांच्या हनुवटीवर माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या परंपरेचे गोंदण आहे. त्यांचे छायाचित्र मी मोबाईलवर दाखवले, तेव्हा सोबत आलेली तिची आई, जिच्या स्वतःच्या हनुवटीवर तीन टिंबे आहेत, बराच वेळ ते न्याहाळत राहिली आणि म्हणाली, “मंग हे तं आपल्यातलीच बाई हाय म्हना!”

लेझरबद्दल मात्र मी तिला स्पष्ट नकार दिला. काजळीचा काळा रंग लेझरला दाद देतो हे खरे आहे; पण त्यासाठी अनेक बैठका लागतात, दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढुरके डाग राहण्याचा धोका असतो. तीन आठवड्यांत एखादीच बैठक झाली असती आणि मुलाखतीच्या वेळी टॅटूऐवजी खपली दिसली असती.

मग सांगायचे की लपवायचे? या बाबतीत माझी स्वतःची एक चूक मला आठवते. काही वर्षांपूर्वी एका तरुणाला मी प्रामाणिकपणाच्या आग्रहापोटी अर्जाच्या पहिल्याच पत्रात दंडावरच्या टॅटूचा उल्लेख करायला लावला होता. त्या पत्राला उत्तरच आले नाही. कारण तेच होते की दुसरे, हे कळायला मार्ग नाही, पण तेव्हापासून माझा सल्ला बदलला आहे. अर्जात अंगावरच्या खुणांचे वर्णन करायची गरज नाही. मुलाखतीत कोणी विचारले, तर खरे सांगावे आणि कामाच्या वेळी झाकलेले राहील, हेही लगेच सांगावे. कोणी विचारलेच नाही, तर निवड झाल्यावर, पण करारावर सही करण्याच्या आधी, आपण होऊन शाळेला पोशाखाचे नियम लेखी विचारून घ्यावेत. बाही खाली ठेवणे ही फसवणूक नव्हे. विचारल्यावर नाही म्हणणे ही फसवणूक आहे.

मुलाखतीत फळ्यावर दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा होता, म्हणून आम्ही सराव केला. माझ्या खोलीतल्या फळ्यावर ती उत्कलनबिंदूची आकृती काढू लागली, आणि हात वर गेला तशी उजवी बाही चार बोटे मागे सरकून तुळशीचे झाड उघडे पडले. तिचे लक्ष तिकडे गेले आणि वाक्य अर्ध्यावर तुटले. गोंदणापेक्षा ते तुटलेले वाक्यच मुलाखतीत जास्त नडले असते. गावातल्या शिंप्याकडून तिने दोन कुर्त्यांच्या बाह्यांना शर्टासारख्या बटणाच्या पट्ट्या लावून घेतल्या. दोन्ही कुर्त्यांचे मिळून शंभर रुपये लागले. पुढच्या सरावात तिने हाताकडे एकदाही पाहिले नाही.

याच दरम्यान तिची कागदपत्रे मी चाळली, आणि खरा घोळ तिथे सापडला. दहावीच्या गुणपत्रिकेवर तिच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक होते, पदवीवर दुसरे, आणि पासपोर्टवर तिसरेच. अमिरातीतल्या नोकरीसाठी पदवीवर राज्य शासनाचे, परराष्ट्र मंत्रालयाचे आणि दूतावासाचे साक्षांकन लागते. शिवाय पोलिसांचा चारित्र्य दाखलाही लागतो. त्यात तीन नावांची तीन माणसे कशी चालतील? दोन महिने तिने गोंदणापायी झोप घालवली होती आणि या तीन स्पेलिंगांकडे तिचे लक्षही गेले नव्हते. अमरावती विद्यापीठाच्या खेपा, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची नोंद, यांत पुढचे चार महिने गेले. एजंट बदलायलाही मी सांगितले: परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी पाहता येते, आणि त्यांना उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

त्या पहिल्या शाळेने तिला घेतले नाही. त्यांना पूर्ण दोन वर्षांचा अनुभव हवा होता आणि तिचा चार महिन्यांनी कमी पडला. टॅटूचा विषय निघालाच नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेच्या अर्जात “दिसणाऱ्या जागी टॅटू आहे का?” असा रकानाच होता. तिने “होय, बाहीखाली झाकलेला राहतो” असे लिहिले, मुलाखतीत त्यावर एक प्रश्न आला, आणि निवडपत्रात पूर्ण बाह्यांची अट आली.

गेल्या सुट्टीत ती गावी आली होती, तेव्हा भेटून गेली. डाव्या मनगटावरच्या अक्षरासाठी तिने नागपुरात लेझरच्या बैठका सुरू केल्या आहेत, दोन झाल्या आहेत, आणि बदामाची एक बाजू फिकी पडली आहे. नोकरीपेक्षा घरात लग्नाची बोलणी सुरू झाल्यामुळे हे करते आहे, असे तिने स्वतःच सांगितले. बाहेर पुन्हा मे महिनाच होता. या वेळी तिचा कुर्ता अर्ध्या बाह्यांचा होता. तुळशीचे झाड काढायचे की नाही, हे ती बोलली नाही, आणि मीही विचारले नाही.