वेचणीला आलेल्या बाया: आधी रेशन पाहा

दिवाळीच्या सुमारास मध्य प्रदेशातून बाया कापूस वेचायला येतात. तू बचतगटाची कार्यकर्ती म्हणून त्यांना भेटशील, तर पहिल्याच भेटीत बचतगटाचं बोलू नको, आधी रेशन. त्यांच्या गावचं कार्ड राष्ट्रीय अन्नसुरक्षेचं अन् आधारला जोडलेलं असलं, तर आपल्याकडच्या रेशन दुकानातही धान्य मिळतं, नवं कार्ड लागत नाही. घरचे गावीच असतील तर सगळा कोटा इथं उचलू नये. नाहीतर तिकडे हंडी रिकामी.

अडतं ते अंगठ्यावर. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरतात, मशीन ठसा घेत नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावायला सांग. सोबत तू जा, नाहीतर दुकानदार हमखास टाळतो.

गरोदर बाई, लहान लेकरं अंगणवाडीत नोंदव. मुकादमासमोर मजुरीचं विचारू नको. सांजेला चुलीपाशी बसून विचार.