गणित सोडण्याआधी

प्रिय बेटा,

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत मॅथ्सला पंचवीसपैकी नऊ आले आणि घरात दोन पक्ष पडले. काका म्हणतात, ‘सोड मॅथ्स, बायोवर जोर दे.’ दादा म्हणतो, बायो सोड. तू विचारतेस की कुणाचं ऐकू. तूर्तास कुणाचंच नको. दोघंही विषयाबद्दल भांडताहेत आणि त्या विषयामागे कोणते रस्ते आहेत ते कुणीच कागदावर मांडलेलं नाही. ते आधी मांडू.

बारावीला मॅथ्स नसेल तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरची पदवी जवळपास बंद होते. एनडीएतून हवाई दल आणि नौदलही जातं, कारण तिथे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. भूदलाला कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण एनडीएच्या लेखी परीक्षेतल्या 900 पैकी 300 गुण मॅथ्सचेच असतात. बायो नसेल तर एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस आणि पशुवैद्यकीय हे रस्ते जातात, बीएस्सी नर्सिंगही जातं. बी.फार्म आणि बीएस्सी अ‍ॅग्री दोन्ही ग्रुपना खुलं आहे. लॉ, सीए, डिझाइन, बीए किंवा बीकॉमला यातलं काहीच आडवं येत नाही. म्हणजे तुझा प्रश्न वाटतो तेवढा अवाढव्य नाही. वर लिहिलेल्या आठ-नऊ नावांपैकी कुठलं नाव खोडताना हात अडखळतो, एवढंच पाहायचं आहे.

आता त्या नऊ मार्कांकडे ये. उत्तरपत्रिका घे आणि गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे कारण लिही: सूत्र आठवलं नाही, चिन्ह चुकलं, वेळ संपला, की प्रश्नच कळला नाही. पहिली तीन कारणं सरावाने जातात. चौथं जास्त असेल तर दहावीची बीजगणित-भूमिती पुन्हा उघडावी लागेल, त्याला महिना-दीड महिना धर. पहिल्या चाचणीत बहुतेक ठिकाणी त्रिकोणमिती असते आणि दहावीतून आलेल्यांना ती परकी वाटते, हे मास्तरांनाही ठाऊक असतं. राज्याच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, अकरावीचा भाग साधारण 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के. तरीही त्रिकोणमिती टाकून देऊ नकोस, कारण बारावीचं अवकलन आणि संकलन तिच्याच सूत्रांवर चालतं. अकरावीत ती कच्ची राहिली की बारावीच्या दिवाळीत ‘इंटिग्रेशन जमत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

आणि काकांना एक सांग: नीटमध्ये 180 प्रश्नांपैकी 90 बायोचे असले तरी 45 फिजिक्सचे असतात आणि तिथे आकडेमोड करावीच लागते, चुकलं की एक गुण वजाही होतो. मॅथ्सला घाबरून नीटकडे वळलेली मुलं फिजिक्समध्येच अडकतात. तुला माणसं, आजार, प्राणी यांत खरोखर रस असेल तर मॅथ्स बिनधास्त सोड, त्यात काही कमीपणा नाही. नऊ मार्क आले म्हणून मात्र सोडू नकोस. विषय बदलायची मुदत कॉलेजच्या ऑफिसात आजच विचार आणि ती येईपर्यंत दोन्ही विषय चालू ठेव.

रस आहे की नाही हे कसं कळायचं? इंटरनेटवरच्या कलचाचण्या एवढंच सांगतात की तुला काय आवडतं असं तुला वाटतं. जे काम तू कधी पाहिलंच नाहीस ते आवडतं की नाही, हे त्या कशा सांगणार? त्यापेक्षा माणसं गाठ. प्रत्येक पर्यायासाठी तीन: एक त्या कोर्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकणारं, एक नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेलं, एक पंधरा वर्षं मुरलेलं. नागपुरात हे अवघड नाही. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणारं कुणीतरी प्रत्येक मोहल्ल्यात असतं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत ड्युटी करणारी नर्सताई ओळखीतून सापडते. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महाराजबागेला कृषी महाविद्यालय. तिथल्या मुलांशी कॅन्टीनमध्ये सहज बोलता येतं.

‘कसं आहे हे फील्ड?’ असं विचारू नकोस. ‘चांगलं आहे’ किंवा ‘काही दम नाही’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. असं विचार: काल सकाळपासून रात्रीपर्यंत तासातासाला काय केलं? पहिल्या महिन्यात हातात किती पडले? तुमच्या वर्गातले किती जण आज याच कामात आहेत आणि बाकीचे कुठे गेले? रात्रपाळी, बदली, उभं राहून काम किती? बोलणं झालं की त्याच रात्री पानभर लिहून काढ. आठवडाभराने ते पान वाचताना कंटाळा येतो की आणखी विचारावंसं वाटतं, याची नोंद ठेव. माझ्या मते ती नोंद कुठल्याही चाचणीच्या निकालापेक्षा जास्त बोलते.

सीताबर्डीपासून शंकरनगरपर्यंतच्या फलकांवर ‘हायेस्ट पॅकेज’ दिसेल. तो एका पोराचा आकडा असतो. तुला मधलं, म्हणजे मीडियन, वेतन हवं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपली माहिती स्वतःच्या साइटवर टाकतात. त्यात किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन किती, हे वर्षवार असतं. तिथली पास झालेली संख्या आणि प्रवेश घेतलेली संख्या शेजारी-शेजारी ठेवून बघ.

‘इंटिग्रेटेड’ कॉलेजबद्दलही विचारलंस: नाव एका कॉलेजात, मुलगी दिवसभर धंतोलीच्या क्लासमध्ये. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोला प्रत्येकी 30 मार्क प्रॅक्टिकलचे असतात. जर्नल कुणाचं तरी उतरवलेलं असेल तर बारावीच्या तोंडी परीक्षेत ते लगेच उघडं पडतं. व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत जेईईवरून जागा मिळाली तरी खुल्या प्रवर्गात बारावीला 75 टक्के लागतात, किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. या टक्क्यांत भाषाही मोजतात, म्हणून इंग्रजीला चिल्लर समजणारी मुलं इथेच मार खातात.

आता ज्याकडे सगळे शेवटी बघतात आणि म्हणून ज्यात सर्वांत जास्त जागा हातच्या जातात, ते: कागद. तू ओबीसी म्हणून प्रवेश घेणार असशील तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर (घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), तिन्ही लागतात. पैकी वैधता सर्वांत वेळखाऊ. तिचा अर्ज विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत करायचा असतो. निकाल लागल्यावर धावपळ करून ते जमत नाही. जात पडताळणी समितीला ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हवा असतो (अनुसूचित जातीसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961). म्हणजे आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली, नोंद. गाव काटोलकडे असो की भंडाऱ्याकडे, येत्या सुट्टीत बाबांना घेऊन जा. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर प्रतिज्ञापत्र लागतं. वडिलांच्या बाजूच्या एखाद्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता आधी झाली असेल तर तिची प्रत मागून घे, काम बरंच सोपं होतं. नागपूरची समिती श्रद्धानंदपेठेतल्या सामाजिक न्याय भवनात बसते.

नॉन-क्रिमिलेअरवर मुदतीची 31 मार्चची तारीख असते. प्रवेशाच्या वर्षी ती चालू आहे का ते बघ. दहावीची मार्कशीट, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर तुझं नाव अक्षरशः सारखं आहे का तेही आत्ताच तपास.

फीचं ओझं म्हणून आईबाबा गप्प असतील तर त्यांना हे सांग: 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक पदवीला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर हा लाभ गेला. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर दरवर्षी भरावा लागतो. हॉस्टेल, मेस, पुस्तकं यांचा खर्च घरचाच, तो वेगळा मांड.

सीईटी झाल्यावर हाती पर्सेंटाइल येतं. 90 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली साधारण नव्वद मुलं तुझ्या मागे. टक्क्यांशी त्याचा संबंध नाही. पीसीएम ग्रुपमध्ये 200 पैकी 100 गुण मॅथ्सचे, मॅथ्सचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा, चुकलं तरी वजा काही नाही. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मागच्या वर्षांच्या कटऑफ याद्या वाचताना ‘एल’ने सुरू होणारी अक्षरं मुलींच्या राखीव जागांची असतात. मुली बऱ्याचदा ‘जी’ची, म्हणजे सर्वसाधारण जागांची, ओळ बघून नाउमेद होतात.

पर्यायांचा अर्ज भरताना ‘मिळण्यासारखं’ कॉलेज वर टाकू नकोस. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो आपोआप पक्का होतो आणि पुढच्या फेऱ्यांतून तुझं नाव जातं. खरोखर हवं ते वर, मग उतरत्या आवडीने. जिथे जायचंच नाही ते यादीत घेऊ नकोस. पुढच्या फेऱ्यांचे नियम वर्षागणिक बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाच. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी लॉक कर, कारण शेवटच्या रात्री साइट रांगते आणि ओटीपी बाबांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जातो. तो नंबर आत्ताच बदलून घे.

सीईटी बिघडली तर? बारावी सायन्सनंतर सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. या वाटेने साधारण एक वर्ष जास्त लागतं, हात मात्र कामाला लवकर लागतात.

दिवाळीच्या सुट्टीत तीन माणसांशी बोलून ती तीन पानं मला पाठव, सोबत चाचणीचा कारणं लिहिलेला पेपर. मग बसून ठरवू.

तुझे,
सर